मनाच्या आजाराच्या गोळ्यांनी वजन वाढतंय? या चुका टाळा

ओलान्झापिन सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत झोप लागू लागते, भास-संशय ओसरू लागतात आणि घर सुटकेचा श्वास घेतं. मग कपडे घट्ट व्हायला लागतात. वजन सगळ्यात जास्त वाढवणाऱ्या गोळ्या म्हणजे ओलान्झापिन आणि क्लोझापिन. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, व्हॅल्प्रोएट, लिथियम, मिर्टाझापिन यांनीही ते वाढतं. अरिपिप्राझोल आणि लुरासिडोनने त्या मानाने बरंच कमी. या वजनावर उपाय आहेत, पण घरोघरी काही ठरावीक चुका होतात आणि त्या महागात पडतात.

परस्पर गोळी बंद करणं

सगळ्यात घातक चूक हीच, आणि ती चोरून होते. शुभार्थी, म्हणजे मनाचा आजार असलेला माणूस, गोळी तळहातावर घेतो, पण गिळत नाही. किंवा अर्धीच घेतो. फसगत अशी, की पहिले काही दिवस काहीच बिघडत नाही, उलट तरतरी वाटते. मग झोप उडते, चिडचिड वाढते आणि कधी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी आजार उलटतो. क्लोझापिनचं तर आणखी वेगळं आहे. 48 तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस एकदम सुरू करता येत नाही, डॉक्टरांना विचारून पुन्हा अगदी कमी मात्रेपासून चढत जावं लागतं. वजनाचा त्रास असह्य होत असेल तर तो डॉक्टरांच्या कानावर घाला. निर्णय त्यांच्यासोबत होऊ द्या.

पहिल्या दिवशी वजन न करणं

गोळी सुरू होतानाचं वजन आणि कमरेचा घेर वहीत लिहून ठेवा. मग पहिले तीन महिने निदान दर महिन्याला, जमल्यास दर आठवड्याला, त्याच काट्यावर, सकाळी, चहाच्या आधी वजन करा. मूळ वजनाच्या 5 टक्के वाढ म्हणजे 60 किलोच्या माणसाचे 3 किलो. ही वाढ पहिल्याच महिन्यात झाली तर पुढे बरंच वाढण्याची शक्यता असते, म्हणून तेव्हाच बोलायचं, 15 किलो वाढल्यावर नाही. कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटीमीटरच्या पुढे गेला तर सावध व्हा. सुरुवातीला उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासून घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा, आणि मग निदान वर्षातून एकदा. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर आपण मागावं.

'खा-खा कमी कर' म्हणणं

हे वाक्य घरात रोज ऐकू येतं आणि मला त्याचा मनापासून राग येतो. या गोळ्या मेंदूतल्या भूक आणि तृप्ती सांभाळणाऱ्या यंत्रणेवरच काम करतात. पोट भरल्याचा निरोप उशिरा पोचतो. रात्री नऊला व्यवस्थित जेवलेला मुलगा साडेदहाला फरसाणाचा डबा घेऊन बसतो, ती हाव नव्हे, खरीखुरी भूक असते. टोमणे मारले की तो चोरून खाऊ लागतो.

घरात फरसाण, बिस्किटं, खारी आणूच नका, आणि हा नियम सगळ्यांना लागू करा. एकट्याच्या ताटात दुधी आणि बाकीच्यांना वडे, असं चालणार नाही. रात्रीची गोळी जेवणानंतर लगेच भूक चाळवत असेल, तर जेवण, गोळी आणि झोप यांच्या वेळा जवळ आणता येतील का ते डॉक्टरांना विचारा. ताटात आधी कोशिंबीर, मोड आलेली मटकी, वरण, भात शेवटी. दुसरी वाढ घेण्याआधी दहा मिनिटं थांबा. रात्री लागलीच भूक, तर मूठभर फुटाणे किंवा पेलाभर पातळ ताक.

चालायला पाठवू नका, सोबत जा. गोळीची गुंगी सकाळी जड असते. पहाटे उठवून भांडण करण्यापेक्षा संध्याकाळची वीस मिनिटं टिकतात.

तहान गोडाने भागवणं

तोंड कोरडं पडतं, लिथियमने तहानही वाढते. मग दिवसभर चहा, सरबत, कोल्ड्रिंक. वजनाचा मोठा वाटा इथून येतो. साधं पाणी जवळ ठेवा.

कडक उपास आणि मीठ तोडणं

लिथियम घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. मीठ एकदम कमी केलं, निर्जळी केली, घाम गाळून पाणी प्यायलं नाही, तर शरीर लिथियम साठवू लागतं आणि रक्तातली पातळी विषारी होऊ शकते. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, बोलणं अडखळणं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. लिथियमवर थायरॉईडची तपासणीही वेळच्या वेळी हवी. थायरॉईड मंदावलं तरी वजन चढतं.

लुरासिडोन उपाशीपोटी घेतलं तर पुरेसं शोषलं जात नाही. त्यासोबत निदान 350 कॅलरीचं जेवण, म्हणजे दोन पोळ्या, भाजी, वरण एवढं हवंच. आणि साबुदाणा खिचडीच्या उपासाने वजन घटत नाही, हे आपल्याला ठाऊक असतंच.

'चरबी जाळणाऱ्या' कॅप्सूल

त्यात काय घातलंय ते डब्यावर पूर्ण लिहिलेलं असेलच असं नाही. उत्तेजक द्रव्यं असतील तर झोप जाते, आणि बायपोलर (मन कधी अति उत्साहात, कधी खोल उदासीत जाण्याचा आजार) असणाऱ्याला त्यातून उन्माद येऊ शकतो. यावर पैसे घालवू नका.

डॉक्टरांशी मोघम बोलणं

'वजन वाढलंय हो' म्हटलं की 'व्यायाम करा' एवढंच उत्तर मिळतं. वही पुढे ठेवा आणि नेमकं विचारा: वजन कमी वाढवणारी दुसरी गोळी चालेल का? डोस कमी होईल का? मेटफॉर्मिन देता येईल का? हे मधुमेहाचं औषध असलं तरी या वजनासाठी मधुमेह नसलेल्यांनाही देतात. वजन साधारण 3 किलोच्या आसपास उतरतं, लवकर सुरू केलं तर वाढ रोखायलाही मदत होते. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून ते जेवणासोबत आणि कमी डोसने सुरू करतात. आधी मूत्रपिंडाची तपासणी हवी. काहींना क्लोझापिनशिवाय पर्याय नसतो. त्यांच्यासाठी तेच औषध चालू ठेवून मेटफॉर्मिन, खाणं आणि चालणं यांवर भर द्यावा लागतो.

पुढची तारीख लांब असेल आणि गोळी सोडायचा विचार मनात घोळत असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.