नॅकसाठी शोधनिबंधांचे पुरावे जोडताना कॉपीराइट कसा सांभाळावा

नॅकचा, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा, अहवाल भरायची वेळ आली की महाविद्यालयात फर्मान निघतं: पाच वर्षांतले सगळे शोधनिबंध आयक्यूएसीकडे, म्हणजे महाविद्यालयातल्या गुणवत्ता कक्षाकडे, जमा करा. ढीगभर पीडीएफ येतात आणि जशाच्या तशा संकेतस्थळावर चढतात. निबंध आपल्याच प्राध्यापकांचा, मग अडचण कसली? अडचण हीच की लिहिणारा एक आणि हक्कदार दुसराच, असं बऱ्याचदा असतं.

पायरी १: मागितलंय काय, ते नीट वाचा

आपल्या आवर्तनाची (मूल्यांकनाच्या फेरीची) नियमावली उघडा आणि संशोधनाच्या तिसऱ्या निकषातला तक्ता पाहा. निबंधासाठी शीर्षक, लेखक, विभाग, नियतकालिक, वर्ष, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) आणि निबंधाचा किंवा त्याच्या सारांशाचा दुवा, एवढंच लागतं. पुस्तक किंवा प्रकरण असेल तर मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, पहिलं पान, आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) व प्रकाशनवर्ष दिसेल असं पान. अख्खा ग्रंथ स्कॅन करून टाकणं म्हणजे आपणहून ओढवून घेतलेलं काम आहे. त्याने गुण वाढत नाहीत.

पायरी २: यादीत 'हक्क कोणाकडे' हा रकाना वाढवा

प्रत्येक प्राध्यापकाला प्रकाशकाशी झालेला करार शोधायला सांगा. बहुतेकांनी तो ऑनलाइन खूण करून मान्य केलेला असतो. ईमेलमध्ये 'कॉपीराइट ट्रान्सफर' असं शोधलं की सापडतो.

निबंधावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना प्रत वाटू देणारा खुला, परवाना असेल तर काम सोपं. लेखकाचं नाव, मूळ दुवा आणि परवान्याचं नाव लिहून पूर्ण पीडीएफ ठेवता येते. परवान्यात 'एनडी' (बदल करून वाटू नये) ही अक्षरं असतील तर फाइलमध्ये काटछाट करू नका. मात्र फुकट वाचायला मिळतो तो प्रत्येक निबंध मुक्त परवान्याचा नसतो. परवान्याची ओळ बहुधा पहिल्या पानाच्या तळाशी असते. ती दिसली नाही तर तो नाही असंच धरून चला.

हक्क प्रकाशकाला लिहून दिलेले असतील तर छापील रूपातली पीडीएफ जाहीर ठेवू नका. अनेक प्रकाशक 'स्वीकृत हस्तलिखित', म्हणजे परीक्षकांच्या सूचनांनंतर मंजूर झालेली पण प्रकाशकाने न मांडलेली प्रत, काही काळानंतर ठेवू देतात. हा काळ बऱ्याचदा १२ ते २४ महिन्यांचा असतो. कोणतं नियतकालिक काय चालवून घेतं ते ओपन पॉलिसी फाइंडर या संकेतस्थळावर आयएसएसएन टाकून कळतं. खरी पंचाईत वेगळीच: तीन वर्षांनी ती वर्ड फाइल कोणाकडेच नसते. म्हणून स्वीकृतीचं पत्र येईल त्याच दिवशी ती आयक्यूएसीकडे जमा करायची सवय लावा.

मराठी नियतकालिकं आणि छोट्या प्रकाशकांचे संपादित ग्रंथ यांच्या बाबतीत मात्र बहुधा कागदच नसतो. इथे कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १९ कामी येतं: हक्काचं हस्तांतरण लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीनेच होतं. तोंडी 'छापा' म्हटल्याने हक्क जात नाही. करार आहे पण मुदत लिहिलेली नाही, तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून जुने कागद तारखेसकट तपासा. एखाद्या लेखाचा हक्क लेखकाकडे परतलेलाही असेल.

पायरी ३: जिथे अडतंय तिथे परवानगी मागा

मोठ्या प्रकाशकांच्या निबंधाच्या पानावरच परवानगीचं बटण असतं. बाकीच्यांना साधा ईमेल पुरतो, पण तो नेमका हवा: 'आपल्या अमुक ग्रंथातील पृष्ठ ४५ ते ५८ हे प्रकरण नॅक मूल्यांकनाचा पुरावा म्हणून महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर पाच वर्षांसाठी विनामूल्य ठेवण्यास परवानगी द्यावी.' पानं, जागा, हेतू, मुदत आणि मोबदला यांतलं एक जरी राहिलं तरी उलट प्रश्न येतो आणि आठवडा जातो. होकार लेखी हवा. उत्तर आलं नाही तर तो होकार समजू नका. पहिलं पान आणि दुवा यांवर भागवा.

'शिक्षणासाठी सगळं चालतं' या समजावर विसंबू नका. कलम ५२ मधली संशोधनाची सूट खाजगी वापरापुरती आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणातला २०१६ चा निकाल विद्यार्थ्यांसाठी झेरॉक्स काढून केलेल्या अभ्याससंचांबद्दल होता. संकेतस्थळावर जगजाहीर ठेवणं ही वेगळी गोष्ट.

पायरी ४: फाइल चढवा

पहिलं पान वेगळं काढायला खास सॉफ्टवेअर लागत नाही. पीडीएफ उघडून प्रिंटमध्ये जा, पानांच्या जागी १ लिहा आणि 'सेव्ह अॅज पीडीएफ' करा. निबंधाला डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) असेल तर दुवा त्याचाच द्या. नियतकालिकाचं संकेतस्थळ बदललं तरी प्रकाशकाने नोंद अद्ययावत ठेवली असेल तर तो चालतो. लॉगिन मागणारे दुवे टाळा.

फाइल गूगल ड्राइव्हवर असेल तर दोन उलट्या चुका होतात. दुवा बंद राहतो आणि डीव्हीव्हीकडून, म्हणजे नॅकच्या माहिती-पडताळणीकडून, स्पष्टीकरणाची मागणी येते. किंवा एका फाइलऐवजी अख्खा फोल्डर खुला होतो आणि त्यातले स्कॅन केलेले ग्रंथही बाहेर दिसतात. अहवाल पाठवण्याआधी प्रत्येक दुवा ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, कुठेही लॉगिन न करता, एकदा उघडून पाहा.