तंतुवाद्यांच्या स्कोअरमधल्या क्लेफ आणि सप्तकाच्या या चुका टाळा

म्यूझस्कोर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, म्हणून आज कॉलेजातली मुलंही व्हायोलिन-चेलोसाठी अरेंजमेंट लिहितात. याचा मला मनापासून आनंद आहे. राग येतो तो स्पीकरवर बरं वाजलं की लगेच पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकाचे स्वतंत्र कागद, छापायला धावण्याचा.

सगळ्यात महागात पडते ती डबल बेसची चूक. हे वाद्य लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतं. सॉफ्टवेअरला ते माहीत असतं, पण वाद्य म्हणून डबल बेस निवडला असेल तरच. लोक चेलोचा स्टाफ (स्वर लिहायच्या पाच रेघा) घेतात आणि त्याचं फक्त नाव बदलतात. एका रेकॉर्डिंगला हेच झालं होतं. प्लेबॅकमध्ये बेस खोल वाटेना, म्हणून अरेंजरने सगळे स्वर सप्तकभर खाली ओढले. स्पीकर छान घुमला. बेसची सगळ्यात खालची ई तार स्टाफखालच्या पहिल्याच जादा रेघेवर लिहितात. इथे तो ई चौथ्या रेघेच्याही खाली गेला होता. बेसवाले दोघे होते. एकाने चूक ओळखून सगळं मनातल्या मनात सप्तकभर वर वाचलं. दुसऱ्याने वाजण्याजोगं होतं ते लिहिल्याबरहुकूम वाजवलं, बाकी ठिकाणी तो थांबला. दोघांत एका सप्तकाचं अंतर, आणि काचेपलीकडची मंडळी माइक तपासत बसलेली. स्टुडिओचं भाडं चालूच.

अशा वेळी स्वर ओढू नका, स्टाफ प्रॉपर्टीजमध्ये जाऊन वाद्य बदला. मी तर नव्या स्कोअरमध्ये आधी प्रत्येक स्टाफवर त्या वाद्याची सगळ्यात खालची मोकळी तार लिहून ऐकतो: व्हायोलिनचा जी, व्हिओलाचा सी, त्याच्या सप्तकभर खाली चेलोचा सी आणि शेवटी बेसचा ई. हे चार स्वर जागेवर बसल्याशिवाय गाण्याला हात लावत नाही.

दुसरी चूक व्हिओलाची. क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते ठरवणारी, स्टाफच्या सुरुवातीची खूण. व्हायोलिनच्या ट्रेबल क्लेफमध्ये लिहून झाल्यावर कुणीतरी व्हिओलाचा आल्टो क्लेफ लावायला सांगतं. क्लेफ बदलला की स्वर तेच राहतात, त्यांचे ठिपके स्टाफवर वर सरकतात. नवशिक्या घाबरतो आणि ते ओढून जुन्या रेघांवर आणतो. ट्रेबलच्या मधल्या रेघेवर बी असतो, आल्टोच्या मधल्या रेघेवर मध्य सी. म्हणजे अख्खा पार्ट चुकला. ठिपके हलू द्यावेत. आल्टो वाचायची सवय नसेल तर ती आधी करावी, त्याला पर्याय नाही.

चेलोला दोन उंच स्वरांपुरता टेनर क्लेफ नको. जादा रेघा परवडतात.

जुन्या छापील पार्टांमध्ये, बेथोव्हेनच्या चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनांत (क्वार्टेट) विशेषतः, चेलोचा ट्रेबल क्लेफ पुष्कळदा सप्तकभर खाली वाचायचा असतो. टाइप करण्याआधी आसपासचे स्वर बघा.

मोझार्टने १७७९ च्या सिन्फोनिया कॉन्सर्टांते या रचनेत एकल व्हिओला अर्धा स्वर चढवून लावायला सांगितला आहे, म्हणून त्याचा मूळ पार्ट डी मेजरमध्ये आणि बाकीचे ई फ्लॅटमध्ये. ते 'दुरुस्त' करू नका.

गायकाची पट्टी बदलली तर? बिलावल थाटातलं, म्हणजे मेजरमधलं, गाणं काळी एकमध्ये नेताना सी शार्प मेजरचे सात शार्प (स्वर चढवायच्या खुणा) वादकांच्या माथी मारू नका, त्याच पट्टीचं दुसरं नाव असलेल्या डी फ्लॅटचे पाच फ्लॅट (उतरवायच्या खुणा) द्या. आणि पट्टी उतरवली असेल तर व्हायोलिनच्या जीखाली गेलेले स्वर सॉफ्टवेअर लाल करून दाखवतं. ते लाल असेपर्यंत पार्ट छापू नका.