हेडलाइट घरी सेट करायच्यात? आधी एवढी तयारी करून घ्या

हेडलाइटचा उजेड वर-खाली करणारे स्क्रू फिरवायला जेमतेम दहा मिनिटं लागतात, बाकी सगळा वेळ तयारीचाच आहे, आणि ती अर्धवट झाली तर लाइट होत्या त्यापेक्षा बिघडतात, म्हणून दिवसाउजेडी हे सगळं उरकून ठेवा आणि अंधार पडायला लागला की मग चावी फिरवा.

सगळ्यात आधी जागा. समोर साधी सरळ भिंत हवी, शक्यतो पांढरी, आणि तिच्यापासून हेडलाइटच्या काचेपर्यंत पाच मीटर अंतर हवं. हे अंतर बंपरपासून मोजू नका, काचेपासूनच मोजा, आणि दोन्ही लाइटचं वेगवेगळं मोजा, दोन्हीकडे सारखं भरलं म्हणजे गाडी भिंतीला सरळ उभी आहे. आता खरी गोची जमिनीची असते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी जायला ढाळ दिलेला असतो. मागच्या चाकांपासून भिंतीच्या पायथ्यापर्यंत सगळं एकाच ढाळात असेल तर काही बिघडत नाही, पण गाडी ढाळावर आणि भिंतीजवळची जमीन सपाट, किंवा मध्येच उंचवटा, असं असेल तर सगळी मापं गंडतात. डोळ्याला हे कळत नाही. गवंडी वापरतात तशी लाइनदोरी घ्या, मागच्या चाकाजवळून भिंतीच्या पायथ्यापर्यंत जमिनीलगत ताणून धरा, खाली कुठे फट दिसली किंवा दोरी मधेच घासली तर दुसरी जागा बघा. एवढी कटकट कशासाठी, तर पाच मीटरवर आपण सगळा हिशोब पाच-सहा सेंटीमीटरचा करणार आहोत, त्यात दोन सेंटीमीटरची चूक म्हणजे खूप झाली.

मग गाडी. चारही टायरमधली हवा टायर थंड असताना भरा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. डिकीतलं जादा सामान काढा, स्टेपनी जागेवर राहू द्या, टाकी निदान अर्धी असू द्या. ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसलेलं हवं, माणूस मिळाला नाही तर पन्नास किलोचं सिमेंटचं पोतं आणि वीस लिटरचा भरलेला पाण्याचा जार ठेवा, काम होतं. हे सगळं मी उगाच सांगत नाहीये. छोट्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण अडीच मीटर असतं, मागची बाजू दोनच सेंटीमीटर बसली तरी पाच मीटरवर उजेड चारेक सेंटीमीटर वर सरकतो, म्हणजे समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात जायला तेवढं पुरतं. डॅशबोर्डवर हेडलाइट वर-खाली करायचं चाक असेल तर ते शून्यावर आणा. शेवटी बोनेटवर आणि डिकीवर दोन-तीनदा दाबून सोडा, सस्पेन्शन आपल्या जागी बसतं.

काच आणि बल्ब आधी बघून घ्या. काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करा. एच४ बल्बला (दोन फिलामेंटचा हॅलोजन बल्ब) खाचांत बसणारे तीन कान असतात, तो तिरका बसला असेल तर कितीही स्क्रू फिरवा, उजेडाची कड, म्हणजे भिंतीवर उजेड संपून अंधार सुरू होतो ती रेघ, जुळणार नाही. आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब टाकला असेल तर माझं स्पष्ट मत, तो काढा आणि मगच पुढे जा, कारण त्यात बहुतेक वेळा कडच नीट पडत नाही, मग जुळवणार काय?

हाताशी ठेवायच्या वस्तू थोड्याच आहेत: मेजरिंग टेप, मास्किंग टेप, खडू, लांब दांड्याचा स्टार स्क्रूड्रायव्हर (काही गाड्यांना ॲलन की लागते, मॅन्युअल बघा), आणि एक लाइट झाकायला पुठ्ठा. पुठ्ठा काचेला टेकवून फार वेळ ठेवू नका, काच तापते. ड्रिल मशीन मात्र आणूच नका, आतले दाते प्लॅस्टिकचे असतात.

भिंतीवरच्या खुणा अशा करा. हेडलाइटच्या काचेवर बहुतेक वेळा मध्याचा बारीक ठिपका असतो, त्याची जमिनीपासून उंची मोजा, समजा ६८ सेंटीमीटर भरली. हेडलाइटच्या बॉडीवर किंवा बोनेटखाली १.० टक्के, १.२ टक्के असा आकडा छापलेला असतो, १.० म्हणजे पाच मीटरवर उजेडाची कड ५ सेंटीमीटर खाली, १.२ म्हणजे ६. तर एक टक्क्याला भिंतीवर ६३ वर आडवी टेप लावा, आणि दोन्ही लाइटच्या बरोबर समोर एकेक उभी. आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे डिपरची (लो बीमची) कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे वर चढलेली असते, जिथून ती चढायला लागते तो कोपरा उभ्या टेपवर यायला हवा. सेटिंग नेहमी डिपरवर करा, एच४ मध्ये दोन्ही फिलामेंट एकाच बल्बमध्ये असल्याने अप्पर (हाय बीम) आपोआप जुळतो.

स्क्रूला हात लावायच्या आधी भिंतीवरच्या उजेडाचा मोबाइलवर फोटो काढा आणि स्क्रूवर खडूने रेघ मारून ठेवा, म्हणजे गडबड झाली तर परत मूळ जागी येता येईल. एका वेळी पाव फेरीच. ज्या गाड्यांचे एलईडी लाइट स्वतःच वर-खाली होतात त्यांचं काम घरी करू नका, त्यांना वर्कशॉपमधलं मशीन आणि स्कॅनर लागतो.