धर्म न पाळणाऱ्या घरातील मुलांसाठी उपक्रम शोधताना
घरात धार्मिक विधी होत नसतील, तर मुलांना सवंगडी आणि सामूहिक उपक्रम कुठे मिळतील, असा प्रश्न पालकांना पडतो. 1941 साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाची शिबिरे अशा मुलांसाठी मला सर्वांत योग्य वाटतात, कारण तेथे जातिधर्माचा भेद न मानता खेळ, समूहगीते आणि श्रमदान एकत्र चालते. जळता कापूर जिभेवर ठेवण्यासारख्या 'चमत्कारां'मागील कारण समजावणारे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे प्रयोगही मुलांना अवश्य दाखवावेत. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था या हौशी खगोलप्रेमींच्या संस्थेच्या आकाशदर्शनाचीही चौकशी करावी. कोणत्याही शिबिरात नाव नोंदवण्यापूर्वी दिनक्रम मागून घ्यावा आणि प्रार्थना असल्यास ती कोणती व सक्तीची आहे का, हे आयोजकांना स्पष्टपणे विचारावे.