लांब दांड्याची छाटणी कात्री घेताना काय बघावं?

बांबूला विळा बांधून ओढलं की फांदी खाली येते, पण सोबत सालीची पट्टीही सोलून येते. त्या जखमेतून बुरशीला आयती वाट मिळते. म्हणून लांब दांड्याची कात्री, म्हणजे पोल प्रूनर, घेताना आधी काप स्वच्छ येतो का ते बघा, लांबी नंतर.

लांबीचा हिशेब बरेच जण चुकवतात. फांदीच्या बरोबर खाली उभं राहून कापायचं नसतं, दांडा तिरपाच धरायचा. ३.६ मीटरचा दांडा साधारण ६० अंशांत धरला आणि खालचा ८० सेंमी भाग हातांत गेला, तर कात्री जमिनीपासून सुमारे पावणेचार मीटरवर पोहोचते. अंगणातल्या लिंबाला, शेवग्याला आणि बेताच्या उंचीच्या संत्र्याला तेवढं पुरतं. आंब्यासाठी ६ मीटरचा मोह होतो. पण पूर्ण उघडलेला एवढा दांडा टोकाला डुलतो, कात्री फांदीवर नीट बसत नाही आणि थोड्याच वेळात खांदे भरून येतात. लहान दांड्याच्या आवाक्याबाहेरच्या उंच फांद्या झाडावर चढणाऱ्या जाणकार माणसाकडून काढून घ्या.

कात्रीचं तोंड बायपास प्रकारचं हवं. त्यात धारदार पातं आकड्याच्या बाजूने घासून जातं. ॲन्व्हिल प्रकारात ते सपाट ठोकळ्यावर दाबलं जातं आणि हिरवी फांदी चेचते. बायपास कात्री साधारण २५ ते ३० मिमी जाडीची ओली फांदी घेते. संत्र्याची सल, म्हणजे वाळलेली फांदी, मात्र कडक असते. जाड सलीवर जोर लावत राहिलं की पातं आणि आकडा यांच्यात फट पडते. मग कात्री फांदी कापत नाही, नुसती चावून धरते. म्हणून त्याच दांड्यावर बसणारी ३० ते ३५ सेंमीची, ओढताना कापणारी वाकडी करवत सोबत घ्या.

नागपुरात इतवारीत किंवा कॉटन मार्केटला खरेदीला जाताना बोटाएवढी हिरवी काडी घेऊन जा. दुकानात दांडा पूर्ण उघडून मिनिटभर तिरपा धरा. क्लॅम्प आवळल्यावर आतली नळी फिरत असेल, तर करवत ओढताना ती हमखास सरकणार. मग काडी कापून बघा. साल लोंबकळली तर तो नग ठेवून द्या. पातं ओढणारी दोरी कप्पीतून अडखळत नाही ना, सोडल्यावर स्प्रिंग पातं पूर्ण उघडते ना, हेही तपासा. दोरी पॉलिएस्टरची बरी. नायलॉन ताणली जाते आणि हाताचा बराच जोर त्यातच जातो.

ॲल्युमिनियमचा दांडा हलका, पण त्यातून वीज वाहते. फायबरग्लास जड असला तरी कोरडा आणि स्वच्छ असताना वीज रोखतो. ओला किंवा मळका झाला की त्याचाही भरवसा नाही. तारांपासून किमान ३ मीटर लांब राहा. फांदी तारेला टेकली असेल तर दांडा कुठलाही असो, महावितरणला कळवा. फायबरग्लास नागपूरच्या उन्हात पडून राहिला तर वरचा थर झिजतो आणि काचेचे बारीक तंतू हाताला टोचतात. तो सावलीतच ठेवा.

जाड फांदी एका घावात कापू नका. बुंध्यापासून फूटभर अंतरावर आधी खालून पाव जाडीपर्यंत करवत चालवा. मग थोडं बाहेरच्या बाजूने वरून कापा, म्हणजे फांदी साल न सोलता सुटते. उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर कापा. कड्याला धक्का लागला तर जखम नीट भरत नाही. हेल्मेट आणि चष्मा हवाच, भुसा थेट डोळ्यांत येतो.

संत्र्याची सल काढताना थोडा हिरवा भाग सोबत घ्या आणि जाड कापांवर बोर्डो मलम लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. एप्रिल-मे मध्ये मोठी छाटणी नको, उघड्या पडलेल्या फांद्या उन्हाने करपतात. रस्त्यावरच्या झाडाला हात लावण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या.

काम झाल्यावर पात्यावरचा चीक रॉकेलच्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवा. दोरीचे धागे सुटू लागले की ती लगेच बदला; ओढताना तुटली तर तुम्ही मागे पडाल आणि दांडा अंगावर येईल.