जुनी कविता छापली तेव्हा लोक काय म्हणाले, ते कसं शोधाल

सिडनीला लेकीकडे आले की दुपारभर मी हेच करते. 'द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर' ही ऑस्ट्रेलियन कविता घ्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह' हे जुन्या वर्तमानपत्रांचं संकेतस्थळ उघडा, फुकट आहे. 'पॅटर्सन' हे कवीचं नाव शोधू नका. २६ एप्रिल १८९०च्या 'बुलेटिन' साप्ताहिकात कवितेखाली सही आहे 'द बँजो'. खरं नाव लोकांना कळलं ते १८९५ साली, त्याचा कवितासंग्रह आला तेव्हा. म्हणून पुढचा शोध ऑक्टोबर ते डिसेंबर १८९५ एवढाच ठेवा. पहिली आवृत्ती आठवड्यात संपली होती! जुना छापा यंत्राला नीट वाचता येत नाही, 'एम'चं 'आर-एन' होतं. तेव्हा चुकीचं स्पेलिंगही टाकून बघा. आणि ऑस्ट्रेलियाची दहा डॉलरची नोट भिंगाखाली धराच. त्याच कवितेच्या ओळी आहेत, मुंगीहून बारीक.