विहिरीत टीसीएल, दारात संडास, तरी पावसाळ्यात जुलाब? या चुका टाळा

शेतावरच्या वस्तीत साधनं बहुतेक असतात, चुकते ती पद्धत. सगळ्यात मोठा घोळ टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा.

मूठभर पावडर विहिरीत फेकणं म्हणजे शुद्धीकरण नव्हे. तिच्यातला चुना तळाला जाऊन पाणी जड करतो आणि क्लोरीन सगळीकडे पोचत नाही. आधी पाणी किती ते काढा: व्यास × व्यास × पाण्याची खोली (मीटरमध्ये) × 785 म्हणजे लिटर. 4 मीटर व्यास आणि 3 मीटर पाणी असेल तर साधारण 38 हजार लिटर. चांगल्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे 95 ग्रॅम. पिशवी उघडी राहिली, ओल लागली की क्लोरीन उडतं. ते 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर कितीही टाकली तरी भरवसा नाही.

प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात गुठळ्या फोडून पावडर कालवा, पाऊण बादली पाणी घाला, ढवळून दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या, खालचा चुना विहिरीपासून लांब टाका. निवळीची बादली दोरीने पाण्यात बुडवून वर-खाली आणि आडवी हलवा. त्यानंतर किमान तासभर पाणी शेंदू नका, मोटारही चालू करू नका. रात्री केलेलं सगळ्यात सोयीचं. सकाळी ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात ओटीच्या द्रावणाचे थेंब टाकून क्लोरीन उरलंय का ते बघा. पिवळा रंग आला नाही, तर क्लोरीन संपलं, पुन्हा मात्रा द्या. पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यात हे हमखास होतं, कारण गाळच क्लोरीन खातो.

गढूळपणावर घरोघरी तुरटी फिरवतात. फिरवा, पण ती गाळ बसवते, जंतू मारत नाही. निवळलेलं पाणी वेगळं काढून खळखळून उकळा. उकिरडा किंवा गोठ्याचं सांडपाणी विहिरीजवळ असेल तर मात्र उकळूनही भागत नाही. शेणमुतातून पाण्यात उतरणारा नायट्रेट नावाचा क्षार उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटेल तसा दाट होतो आणि तान्ह्या बाळाला तो घातक ठरतो. पाणी तपासून घ्या आणि उकिरडा हलवा.

एवढं करून माठात हाताचा पेला बुडवला, तर वरची सगळी मेहनत वाया. तोटीचा माठ किंवा लांब दांड्याचं ओगराळं, दोन्हींपैकी एक हवंच.

आता संडास. दोन खड्ड्यांच्या संडासात दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवणं ही सर्रास चूक. जंक्शन चेंबरमधली, म्हणजे मैल्याची वाट दोन खड्ड्यांकडे फुटते त्या पेटीतली, एक वाट बंदच हवी. पहिला भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिला दोन वर्षं मिटवून ठेवायचा. मग त्यातलं कोरडं सोनखत शेतात घालता येतं. दोन्ही भरले तर ताजा मैला उपसायची वेळ येते. काही गवंडी खड्ड्याचा तळ आणि भिंती प्लास्टर करतात, मग पाणी जिरणार कुठे? भिंत विटांच्या जाळीची, तळ मातीचा. न्हाणीचं पाणी त्यात सोडू नका, फिनाईल आणि ॲसिडही नको, मैला कुजवणारे जीवाणू मरतात.

काळ्या जमिनीत खड्डे पावसाळ्यात तुंबतात, आणि दोष संडासाला दिला जातो. तिथे जाळीच्या भिंतीबाहेर चहूबाजूंनी 30 सेंटीमीटर जागा सोडून वाळू-खडी भरावी लागते. विहिरीपासून 15 मीटर अंतर धरा. सेप्टिक टँक असेल तर त्याच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा, नाहीतर तिथून डासांची पैदास. टँकचं पाणी नालीत नको, शोषखड्ड्यात.

साबण संडासाजवळ आणि चुलीजवळ, दोन्हीकडे ठेवा. शेण हाताळल्यावर आणि बाळाची शी काढल्यावर नुसते पाण्याने धुतलेले हात धुतलेले नाहीत.

शेवटची गोष्ट औषधाच्या डब्यांची. फवारणीचा रिकामा कॅन कितीही घासला तरी त्यात पाणी, दूध, तेल भरू नका. तीनदा खळखळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग डब्याला भोकं पाडा. पंप विहिरीच्या कठड्यावर धुवायचा नाही.